पाचव्या दिवशीची इमरती

माझ्या डोक्याला काय झालं होतं ते नवऱ्याने आणलेल्या इमरतीवरून कळलं, असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, बाईचं डोकं अजून पुरतं ताळ्यावर आलेलं नाही. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. ज्यांचं कपाळ सकाळच्या उन्हाबरोबर ठणकायला लागतं आणि घरदार एकेक उपाय घेऊन धावतं, त्यांना थोडा उपयोग होईल. नाहीच झाला तर निदान हसतील, आणि हसताना कपाळ दुखलं तर डॉक्टरकडे जातील.

मी अमरावतीला राहते आणि भातकुली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलगा पुण्याला असतो. घरी मी आणि आमचे हे, वसंतराव. ते भूमी अभिलेख खात्यात मोजणीला होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मोजणी मात्र सुटली नाही. शेजाऱ्याने कुंडी वीतभर सरकवली तरी यांच्या लक्षात येतं.

माझा धाकटा भाऊ सुधीर अकोल्याला असतो. त्याच्या पल्लवीचं लग्न मार्चमध्ये ठरलं, मुहूर्त दुपारी बारा वाजून वीस मिनिटांचा. आमच्या माहेरी एक पद्धत आहे. पाच मंगलाष्टकं गुरुजी म्हणतात आणि शेवटची तीन घरातली बाई म्हणते, नवरानवरीची नावं गुंफून, स्वतः रचून. त्यासाठी गाणारी पार्टी बोलावलेली माझ्या वडिलांना खपायची नाही. गेली पंचवीस वर्षं ती घरातली बाई म्हणजे मी. पल्लवी लहान असताना प्रत्येक लग्नात माझ्या पदराला धरून माईकजवळ उभी राहायची आणि म्हणायची, माझ्या लग्नात आत्याचं गाणं संपल्याशिवाय मी माळ घालणार नाही. तिच्यासाठीची तीन मंगलाष्टकं मी दिवाळीतच लिहून ठेवली होती. चाल वरच्या पट्टीतली घेतली होती, जरा मिरवायचंही होतं.

सर्दीच तर आहे

लग्नाला बावीस दिवस असताना मला सर्दी झाली. दुसऱ्या दिवशी मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले आणि कारण सांगून जोरदार गोळ्या मागितल्या. त्यांनी दिल्या नाहीत. ही विषाणूची सर्दी आहे, आपोआप जाईल, वाफ घ्या, आराम करा. दहा दिवसांत गेली नाही किंवा मध्येच जास्त झालं तर या, असं म्हणाले. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. आपल्याकडे डॉक्टरकडून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला कोणी आजारी मानत नाही.

तिसऱ्या दिवशी डोकं सुरू झालं. डाव्या भुवईच्या वर, आणि तेही मोठं शिस्तीचं. सकाळी उठले तर काही नाही. नऊच्या सुमाराला एक बारीक कळ आली, मग ऊन चढेल तशी ती चढत गेली, दुपारी बारा-साडेबाराला कपाळ फुटेल असं झालं आणि चारपर्यंत उतरली. आमच्या ओसरीत सकाळचं ऊन आतपर्यंत येतं आणि सूर्य वर जाईल तसं दारापर्यंत मागे सरकतं. यांनी माझ्या पर्समधला खडू घेतला आणि फरशीवर खुणा केल्या. ऊन तिसऱ्या फरशीवर असताना दुखणं सुरू, उंबरठ्यावर आलं की कळस. सरकारी नकाशाला शोभेल असं काम होतं. मी कपाळ धरून बसलेली आणि हे खाली वाकून रेघा मारत होते.

त्याच संध्याकाळी सुलभाचा फोन आला. सुलभा माझी भावजय, नवरीची आई. ऊन आणि डोकं यांचं ऐकताक्षणी तिने निकाल दिला.

"ताई, हे अर्धशिशी हाय. माह्या मायले अशीच होती. सूर्य निघाच्या आत दुधात जलेबी टाकून खा, सात दिवस. डाक्टरले काय समजते त्यातलं?"

आमच्याकडे हा उपाय कोणाला सांगावा लागत नाही. फक्त नियम विचारून घ्यायचे असतात, कारण ते घरोघरी वेगळे. सुलभाच्या मायकडचा नियम असा की जलेबी पहाटेच आणलेली हवी, पूर्वेकडे तोंड करून खायची आणि सूर्य दिसेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. हा शेवटचा नियम आमच्या ह्यांना फार पटला.

चार जलेबीचे दिवस

खोटं कशाला बोलू, मला ते दिवस आवडले. हे पहाटे उठून चौकातल्या जलेबीवाल्याकडे जायचे. तो कढईखाली जाळ घालत असायचा, पहिला घाणा आमचा. परत येऊन दूध कोमट करायचे, वाटी माझ्या हातात द्यायचे आणि समोर बसायचे. मी मुकाट खायची. एक माझ्यासाठी, एक त्यांच्यासाठी, कारण एकट्याने खाल्लं तर लागू पडत नाही असा नियम त्यांनी स्वतःच दुसऱ्या दिवशी शोधून काढला. सत्तावीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं असं रोज उगवतीला तोंड करून कधी बसलो नव्हतो.

आणि गंमत म्हणजे गुण येऊ लागला. तिसऱ्या जलेबीला नाक मोकळं वाटलं. चौथ्या जलेबीच्या दिवशी डोकं जेमतेम दुखलं, मी शाळेत गेले, चौथीच्या वर्गात कविता चालीवर म्हणून दाखवली. मुलं आठवडाभर माझ्या नाकातल्या आवाजाची नक्कल करत होती, ती त्या दिवशी जरा हिरमुसली. मी सुलभाला फोन करून तिच्या मायचे पाय धरायला हवेत असं सांगितलं. सुलभाने ते अकोल्यातल्या निम्म्या नातेवाइकांना कळवलं.

पाचव्या दिवशी जलेबीवाल्याचं दुकान बंद. तो पुतण्याच्या लग्नाला गावाकडे गेला होता. ह्यांनी दोन चौक पालथे घातले, सूर्य तर थांबणार नव्हता. शेवटी एका दुकानात इमरती मिळाली. तीही पाकातली, तीही गोल, उडदाची असली म्हणून काय झालं, असा विचार करून त्यांनी आणली. मी खाल्ली. चांगली होती.

त्या दुपारी जे डोकं उठलं तसं आयुष्यात उठलं नव्हतं. नुसतं कपाळ नाही, डावा गाल, डोळ्याची खोबण, वरचे दात. ताप आला. वाकून चप्पल घालायला गेले तर गालात कोणी दगड भरून ठेवलाय असं वाटलं. नाकातून जे येत होतं ते इथे लिहीत नाही, एवढंच सांगते की पिवळं होतं आणि त्याला वास येत होता, आणि तो वास माझ्याशिवाय कोणाला येत नव्हता.

अंधाऱ्या खोलीतल्या दुपारी

पुढचे तीन-चार दिवस हसण्यासारखे नव्हते. शाळेला रजा. नऊ वाजले की मी आतल्या खोलीत जायची, खिडकीला चादर लावलेली. मला भीती वाटत होती, ती खरीच सांगते. डोळ्याच्या मागे दुखतं म्हणजे मेंदूत काही असेल का, हे मी दर दुपारी स्वतःला विचारायची आणि दर दुपारी हो असं उत्तर यायचं. कोणाला बोलून दाखवत नव्हते. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की मेंदूपेक्षा मला बारा वाजून वीस मिनिटांची जास्त काळजी होती. पल्लवीचा मुहूर्त नेमका माझ्या दुखण्याच्या कळसावर. सगळे मांडवात असतील आणि मी कुठल्यातरी खोलीत डोळ्यावर ओढणी बांधून पडलेली असेन. तिची तीन मंगलाष्टकं कागदावरच राहतील.

अशाच एका दुपारी हे पाणी घेऊन आत आले आणि मी त्यांना बोलले. म्हटलं, "चांगली बरी झाली होती मी. तुमच्या इमरतीनं घात केला. तुमच्यापायी पल्लवीचं गाणं गेलं."

ते पेला ठेवून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी जलेबीवाला परत आला होता, हे अंधार असतानाच त्याच्या दुकानापुढे जाऊन उभे राहिले, आणि आमचा उपाय पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. आता मात्र समोर बसून ते स्वतः खात नव्हते. मला ते दिसलं, पण दुखणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं दुखणं उशिरा दिसतं, माझंही तसंच झालं.

आजाराच्या बाराव्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडे गेले, कारण वरचे तीन दात एकदम दुखत होते. तरुण मुलगी होती. तिने एकेक दात ठोकून पाहिला, गालावर बोट दाबलं, मी खुर्चीतून अर्धी उठले. ती म्हणाली, दात चांगले आहेत मॅडम, दुखणं वरून येतंय, आजच नाकाच्या डॉक्टरकडे जा. जुजबी काहीतरी करून तिने मला परत पाठवलं असतं तर मला कळलंही नसतं. तिचे मी मनापासून आभार मानते.

निदान

नाक-कान-घशाचे डॉक्टर वयस्कर, बोलायला रोखठोक. लग्नाला अकरा दिवस उरले होते. त्यांनी कपाळ दाबलं, गाल दाबले, पुढे वाकायला लावलं, नाकात उजेड टाकून बारीक दुर्बिणीने पाहिलं. मग टेबलाशी बसले आणि विचारलं, किती दिवस झाले. मी म्हटलं बारा. मध्ये कधी बरं वाटलं होतं का? मी म्हटलं, नाही, सारखंच दुखतंय. मला खरंच तसंच वाटत होतं. दुखण्यात मागचे चांगले दिवस विसरायला होतात, आणि जलेबीचं सांगायची लाजही होती. मी शिक्षिका आहे शेवटी.

हे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. घसा साफ करून म्हणाले, "साहेब, ते चूक सांगून राहिली. चवथ्या जलेबीपर्यंत आराम होता."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. मग ह्यांनी सगळी मोजणी सादर केली. पहिली जलेबी आजाराच्या चौथ्या दिवशी. तिसऱ्या जलेबीला नाक मोकळं. चौथ्या जलेबीला शाळेत गेली, कविता म्हटली. ऊन फरशीवर कुठपर्यंत आलं तेव्हा दुखलं, तेही सांगितलं. आणि मग खाली मान घालून म्हणाले, "पाचव्या दिवशी मी इमरती आणली. दुकान बंद होतं. त्याच दुपारपासून बिघडलं. चूक माही हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे सर्दी बरी होत आली होती, आन् आठव्या दिवशी एकदम उलटली? तापासकट?"

"इमरतीनं."

"अहो, इमरतीचं ठेवा बाजूला. दिवस पक्का हाय का?"

"साहेब, मी पस्तीस वर्षं मोजणी केली," हे म्हणाले.

डॉक्टर हसले, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला सोप्या भाषेत असं समजलं. कपाळात आणि गालात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. पहिली सर्दी विषाणूची होती, ती आपोआप जात होती, जलेबीने नाही. पण सुजेमुळे पोकळ्यांची तोंडं बंद झाली, आत घाण साचली आणि तिच्यात जिवाणू वाढले. बरं होता होता पुन्हा उलटणं, दहा दिवसांवर लांबणं, एका बाजूचा गाल-दात ठणकणं, पिवळा पू, या सगळ्यावरून ओळखायचं. त्यांनी नाकात पू पाहिला होता, पण सर्दी कधी उलटली ते नाकात दिसत नाही. ते ह्यांनी सांगितलं. आधीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत ते बरोबर होतं, आता देण्याची वेळ आली आहे, असंही ते म्हणाले.

ह्यांनी चाचरत सीटी स्कॅनचं विचारलं. नातेवाइकांना काय सांगायचं हा प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, साध्या दुखण्याला लागत नाही. डोळा सुजला, एकाचे दोन दिसले, मान आखडली किंवा ताप चढतच गेला तर मात्र घड्याळ पाहू नका, तसेच निघून या. मग माझ्याकडे वळून विचारलं, बाई, तुम्हाला एवढी कसली घाई दिसते चेहऱ्यावर? मी मुहूर्त सांगितला. त्यांनी दिवस मोजले. सात दिवसांच्या गोळ्या, म्हणाले, सगळ्या घ्या, गाणं तुमचं तुम्ही पाहा.

मेंदूत काही नाही, हे कळल्यावर मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर रडले. हे शेजारी उभे राहून माझ्या फायलीने मला वारा घालत होते. रिक्षात बसल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "मंग इमरतीनं नोयतं ना?" मी नाही म्हटलं. पण त्यांचा विश्वास बसला नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला आतून फार वाईट वाटलं. तेव्हा माफी मागायला हवी होती, मागितली नाही.

मिठाचं पाणी

उपचारातला सगळ्यात करमणुकीचा भाग म्हणजे नाक धुणं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालायचं, मोरीपाशी वाकायचं, एका नाकपुडीत पाणी घालायचं, ते दुसरीतून बाहेर येतं. निदान यायला हवं. पहिल्या दिवशी माझ्या तोंडातून, कानातून आणि मला वाटतं डोळ्यांतूनही आलं. डोकं किती तिरकं ठेवायचं यावर ह्यांनी अभ्यास केला आणि मोरीच्या भिंतीवर खडूने रेघ मारली. त्या रेघेला कपाळ लावलं की पाणी सुरळीत निघायचं. तिसऱ्या दिवसापासून मला ते इतकं आवडायला लागलं की मी शाळेतल्या बाईंना फोनवर शिकवू लागले.

दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सैल पडलं. ऊन तिसऱ्या फरशीवर आलं, काही नाही. पहिल्या फरशीवर आलं, थोडी कळ. हे रोज नवी खूण करायचे आणि जुनी पुसायचे.

चौथ्या दिवशी मी एक चूक केली. आता बरं वाटतंय तर उरलेल्या गोळ्या जपून ठेवू, लग्नात दहा माणसं असतात, कोणाला सर्दी झाली तर उपयोगी पडतील, म्हणून सहा गोळ्या अकोल्याच्या बॅगेत शालूखाली सरकवल्या. आपल्या घरांत गोळ्या अशाच साठतात आणि लोणच्यासारख्या शेजारी वाटल्या जातात. ह्यांनी पाकीट मोजलं आणि विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बॅग उघडून सहाच्या सहा गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या.

"डाक्टरनं तुले सात दिवस सांगितले. मी एक दिवस बदल केला तं काय झालं पाह्यलं ना? आता एक बी बदल नोको."

मी गोळी घेतली. सातव्या दिवशी ऊन उंबरठ्यावर आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. हे ओसरीतून ओरडून विचारत होते, दुखते का? नाही म्हणून सांगितलं तेव्हा कुठे त्यांनी शेवटची खूण पुसली.

बारा वीस

अकोल्याला जाताना मूर्तिजापूर येईपर्यंत मी गाडीत चाल गुणगुणत होते. आवाज आला होता, पण वरच्या जागी अजून किंचित गेंगाणा. पट्टी एक स्वर खाली घेतली. मिरवायचं राहून गेलं, त्याचं काही वाटलं नाही.

कार्यालयात ऊन असं होतं की मांडवाच्या कापडातूनही डोक्यावर बसत होतं. अंतरपाट धरला. गुरुजींची पाच झाली, माईक माझ्या हातात आला. बारा वाजून अठरा मिनिटं झाली होती. पहिलं मंगलाष्टक चांगलं गेलं. दुसऱ्यात पल्लवीचं नाव आलं तेव्हा डोळे भरले, आणि डोळे भरले की नाक भरतं. तिसऱ्याच्या आधी मला थांबावंच लागलं. मी मान वळवून रुमालात नाक शिंकरलं. माईक हातातच होता हे मला सगळं कार्यालय हसल्यावर कळलं. अंतरपाट हलत होता, कारण पलीकडे पल्लवी हसत होती आणि अलीकडे नवरदेव. मीही हसले, आणि त्याच श्वासात तिसरं उचललं. शेवटच्या ओळीला लोकांनी ज्वारीच्या पिवळ्या अक्षतांचा असा मारा केला की त्या महिनाभर माझ्या केसांतून निघत होत्या. माळ घालण्याआधी पल्लवीने माझ्याकडे पाहून मान हलवली. लहानपणी माईकजवळ उभी राहून हलवायची तशीच.

जेवायला बसलो तेव्हा एक वाजून गेला होता. सुलभा येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की पाहा, माझ्या मायची जलेबी फुकट गेली नाही. मी तिच्याशी वाद घातला नाही, आज तिच्या घरचं लग्न होतं.

तेवढ्यात वाढपी गोडाचं ताट घेऊन आला. इमरती.

शेजारी ह्यांच्या पानात एक पडली आणि त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी आधी इमरतीकडे पाहिलं, मग वर मांडवाकडे, जिथून ऊन झिरपत होतं, मग माझ्याकडे. वाढप्याला म्हणाले, "यांना नोको."

मी म्हटलं, मला दोन वाढ.

पहिली मी खाल्ली. ते घड्याळात बघत होते. दुसरी खाल्ली. मग त्यांच्या पानातली उचलली, तीही खाल्ली, आणि म्हटलं, "मी त्या दिवशी चुकीचं बोलली. तुमच्या इमरतीनं काहीच झालं नव्हतं. तुमच्यापायी तर डॉक्टरला समजलं."

ते पुन्हा घड्याळ बघू लागले. आमच्या भोवतीच्या पंगती उठल्या, नव्या बसल्या. दीड वाजला असेल तेव्हा त्यांनी विचारलं, "दुखून राह्यलं का?"

"नाही."

"बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही."

त्यांनी हात वर करून वाढप्याला बोलावलं आणि आपल्या पानावर बोट ठेवलं.